अर्धी शिक्षा

"माझ्या धाकट्याच्या 'हो'वर जाऊ नकोस हं," सासूबाई मला एकदा म्हणाल्या होत्या. आम्ही दोघी वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होतो. दोन टोकं त्यांच्या हातात, दोन माझ्या. "त्याचं 'हो' खरं नसतं गं. घाईचं असतं."

मी हसले. लग्न होऊन थोडेच महिने झाले होते आणि धाकटे दीर म्हणजे मला त्या घरातली सगळ्यात सोपी गोष्ट वाटायची. म्हटलं, "आई, घरात एक तरी माणूस हो म्हणणारा आहे, ते काय वाईट? तुमचा मोठा तर चहा हवा का विचारलं तरी उलटतपासणी घेतो." त्याही हसल्या. टोकाला टोक जुळवलं, चादर माझ्या हातातून काढून घेतली आणि विषय तिथेच संपला. पुढच्या वर्षी त्या गेल्या. ते वाक्य मला आठवलं ते त्या रविवारी, आणि तोवर भाऊजी दोन वेळा 'हो' म्हणून बसले होते. एकदा पोलिसांपुढे, एकदा दंडाधिकाऱ्यांपुढे.

रविवारी दुपारी सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टात भाऊजींना आरोप वाचून दाखवणार होते आणि विचारणार होते, गुन्हा कबूल आहे का. तिथे काय म्हणायचं हे ठरवायला ही बैठक.

आमच्या घराला बाहेरच्या कुणाचा सल्ला लागतच नसे. आजेसासरे जेलर होते. सासरे पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. त्यांची मोठी बहीण सत्र न्यायाधीश होती. मुलांनी लहानपणी तिला 'जजआत्या' म्हणायला सुरुवात केली, आणि आता शेजारीपाजारीही तेच म्हणतात. माझा नवरा आरोपींची वकिली करतो. पकडण्यापासून कोंडण्यापर्यंत सगळी खाती घरातच. आमच्या लग्नात कुणीतरी थट्टेने म्हणालंही होतं, "तुमच्याकडे फक्त गुन्हेगाराची जागा रिकामी आहे." भाऊजी तेव्हा चटकन पुढे होऊन म्हणाले होते, "मी आहे ना!" केवढे हसलो होतो सगळे.

भाऊजी एका लाकडी फर्निचरच्या गोदामाचे व्यवस्थापक. हिवाळ्यात गोदामाला आग लागली आणि आत पहाऱ्याला असलेला माणूस गेला. भाऊजींच्या निष्काळजीपणामुळे आग लागली आणि त्यांनी ते मान्य केलंय, एवढंच मला माहीत होतं. खटल्याचा विषय निघाला की मी मुंगीला उचलून दुसऱ्या खोलीत जायचे. मुंगी म्हणजे माझी मुलगी, चार वर्षांची, ऐकलेलं सगळं पोटात साठवणारी. आग, मेलेला माणूस, तुरुंग, असलं काही तिच्या कानावर पडू नये म्हणून मी डोळ्यांत तेल घालून जपत होते. आणि त्या जपण्यात जे ऐकायला हवं होतं ते माझ्याही कानावर पडलं नाही.

त्या दिवशी मात्र ती टेबलाखाली घर-घर खेळत होती आणि बाहेर यायला तयार नव्हती. म्हणून मी थांबले.

"कबूल करायचं," जजआत्या म्हणाल्या. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला होता. म्हणजे निकाल झाला, असं घरात समजतात. "कबुलीजबाब आधीच नोंदवलाय. आता नाही म्हणालास, तर न्यायाधीश विचारेल की मग तेव्हा हो का म्हणालास. कबूल केलंस तर पहिलाच गुन्हा, वय, चांगली वागणूक, सगळं बघून शिक्षा हलकी होईल."

"आणि खटला चालवला तर सरकारी पक्षाला सिद्ध करू दे की," माझा नवरा म्हणाला. "आत्या, तू आयुष्यभर लोकांना सांगत आलीस, सिद्ध करायची जबाबदारी आरोपीची नाही. आपल्या घरातला आरोपी निघाला की लगेच नियम बदलला?"

"तू लहानपणापासून असाच. दुधाचं भांडं सांडलं तरी पुरावा मागायचास."

"आणि हा शिक्षा मागायचा," नवरा भावाकडे बघून म्हणाला. "काय कबूलशेठ?"

भाऊजी हसले. घरातलं त्यांचं हेच नाव. "दादा, तुम्ही सगळे म्हणाल तसं. मला कसंही चालेल."

"तुला कसंही चालून कसं चालेल?" सासरे म्हणाले. "मी स्वतः घेऊन गेलो होतो याला ठाण्यात. माझ्याच हाताखाली शिकलेला पोरगा तपास करतोय. आवाज चढवला नाही की बोट लावलं नाही. चहा पाजला. याने पहिल्याच बैठकीत सगळं मोकळेपणाने सांगितलं. मला अभिमान आहे त्याचा."

"अभिमान बाळगा बाबा, पण..." नवऱ्याने हात उडवला, कोपर लागलं आणि काचेचा पेला टेबलावरून खाली गेला.

काच फुटल्याचा आवाज आला की या घरात आधी कुणीच हलत नाही. आधी सासऱ्यांचा आवाज येतो. मोठा नाही, शांतच.

"कुणी केलं?"

कुणाला उद्देशून नव्हतं ते. अर्ध्या आयुष्याची सवय. पण टेबलाखालून मुंगी बाहेर आली, फ्रॉक झटकला आणि म्हणाली, "मी केलं."

मग कुणी काही बोलायच्या आत काचांच्या बाजूने नीट वळसा घालून ती पॅसेजमध्ये गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिथूनच विचारलं, "आजोबा, खरं सांगितलं ना, मग अर्धीच ना शिक्षा?"

*

पॅसेजमधली ती भिंत सासऱ्यांनी दर काही वर्षांनी रंगवून घेतली आहे. तरी दिवा लावला की खाली, लहान मुलाच्या कपाळाच्या उंचीला, एक गुळगुळीत ठिपका दिसतो. धाकट्याने कपाळ टेकून टेकून केलेला. पाहुण्यांना ते कौतुकाने दाखवत. त्या दुपारी त्या ठिपक्याच्या थोडं खाली त्यांना नातीचं डोकं दिसलं. मला त्यांनी हे सगळं पुष्कळ नंतर सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता.

त्यांचे वडील, म्हणजे जेलरआजोबा, कमरेचा पट्टा काढत. तुरुंगातही आणि घरातही. त्यांच्या काळात मारून कबुली घेणं हे पोलिसांचं अर्धं काम होतं आणि ती कबुली मग थेट माणसाला कोठडीत नेऊन सोडायची. सासरे विशीत पोलिसात गेले तेव्हा दोनच गोष्टी मनाशी ठरवून गेले. आपल्या ठाण्यात हात उचलायचा नाही. आणि आपल्या घरात तर नाहीच नाही. म्हणून पट्ट्याच्या जागी त्यांनी ही पद्धत आणली. चूक झाली की भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. पण विचारल्याबरोबर खरं सांगितलं तर शिक्षा अर्धी, आणि वर बापाचा हात पाठीवर. "शाब्बास. मोकळा झालास."

मोठ्या मुलाने कधी कबूल केलं नाही. तो तासन्‌तास वाद घालायचा. धाकटा मात्र विचारायच्या आधीच उभा. सासऱ्यांना वाटलं, एक पोरगा वकील होणार आणि एक साधू. कुठल्या गुन्ह्याला तो हो म्हणतोय, हे पडताळून बघावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांचे जबाब पडताळणाऱ्या माणसाच्या!

आणि मी नोकरीवर जायचे तेव्हा मुंगीलाही तेच सांभाळायचे.

*

"तिने नाही फोडला," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "कोपर तुझं लागलं. मी बघितलंय."

नवऱ्याने खाली बघितलं. "हो. माझंच. मुंगी, ये इकडे, तू नाही केलंस बाळा."

"पण मी म्हटलं ना मी केलं," मुंगी भिंतीलाच म्हणाली. "झालं की आता."

मी तिला उचलून आणलं. ती मांडीवर बसून माझ्या ओढणीचं टोक चघळायला लागली. मला त्या चादरी आठवल्या. सासूबाईंच्या हातातली टोकं आठवली.

"भाऊजी," मी विचारलं, "तुम्ही नक्की काय कबूल केलंय?"

"अगं, आता तो विषय मुंगीसमोर..." नवरा म्हणाला.

"असू दे समोर. भाऊजी, सांगा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग सासऱ्यांकडे. "केबिनमधला हीटर मी बंद केला नाही, चालू ठेवून घरी गेलो. तिथूनच आग लागली, वहिनी. अग्निशमनवाल्यांनी सांगितलं. जळालेला हीटर दाखवला मला त्यांनी. केबिन माझी, हीटर केबिनमध्ये, मग मीच ना?"

"चालू ठेवलेला आठवतो तुम्हाला?"

"आधी नव्हता आठवत. साहेबांनी दोन-तीनदा विचारलं, नीट आठव, नीट आठव. मग आठवायला लागला. लाल दांडी पेटलेली, मी दार ओढून घेतोय. आता डोळे मिटले की दिसतो."

"कुठल्या दिवशी लागली आग? त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही सरळ इथे आला होतात ना? मुंगीला सर्दी होती त्या दिवशी?"

"हो. दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं आगीचं."

"मग तुम्ही काय केलंत आल्या आल्या, आठवतंय? तिच्या गालांना हात लावलेत आणि ही किंचाळली. मी ओरडले तुमच्यावर, आजारी पोरीला गार हात लावता म्हणून. तर तुम्ही म्हणालात, 'काय करू वहिनी, हीटर दुरुस्तीला पाठवलाय, दिवसभर कुडकुडतोय.'"

"बर्फकाका!" मुंगी एकदम म्हणाली आणि स्वतःचे दोन्ही हात गालांवर दाबून दाखवले.

भाऊजींचा चेहरा मी तोवर तसा कधी बघितला नव्हता. सुटल्याचा आनंद त्यात नव्हता. आपल्याच घरात कुणीतरी सगळ्या खुर्च्या हलवून ठेवल्यात, असा गोंधळलेला होता तो.

"मी असं म्हणालो?" त्यांनी विचारलं.

*

जजआत्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. एकदा काढलेला चष्मा त्यांनी परत घातलाय, हे घरात कुणी पूर्वी बघितलं नव्हतं.

त्या मला पुढे म्हणाल्या, त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे त्यांच्या पहिल्या नेमणुकीची खोली आली. तरुण दंडाधिकारी होत्या त्या तेव्हा. कायदा बदलत बदलत त्या खोलीपर्यंत आला होता. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालणार नाही, हे कधीच ठरलं होतं. मग दंडाधिकाऱ्यापुढची. तिथेही पोलिसांना बाहेर काढायचं, दार लावायचं, माणसाच्या अंगावर मारल्याच्या खुणा आहेत का बघायचं. सांगायचं, बाबा रे, कबुली द्यायलाच हवी असं नाही, दिलीस तर तुझ्याविरुद्ध वापरली जाईल, विचार कर, वेळ घे. किती जणांना त्यांनी हे वाचून दाखवलं असेल. सगळे मान हलवायचे. आरोपीची पाठ उघडी करून बघितली, की आपलं काम चोख झालं असं त्यांना वाटायचं.

"कपाळ कधी बघितलं नाही गं आम्ही," त्या मला म्हणाल्या.

पण त्या दुपारी टेबलाशी त्या फक्त न्यायाधीशासारखं बोलल्या. "दुरुस्तीवाला कोण? त्याच्याकडे नोंद असेल, तो साक्ष देईल. तुझी वहिनीही साक्षीला येईल. पण मग केबिनमध्ये सापडला तो हीटर कुणाचा?"

"पहारेकऱ्याचा," नवरा म्हणाला. तो आता उभा राहून येरझाऱ्या घालत होता. कोर्टात घालतो तशा. "त्याच्या चौकीत एक होता, यानेच मागे सांगितलं होतं. चौकी उघडी, वारा आत येणार. रात्री त्याने हीटर उचलून केबिनमध्ये नेला, लावला, डोळा लागला. सरळ आहे! निष्काळजीपणा त्याचाच. ताबडतोब नाकबूल करायचं. मी लढवतो."

"तो मेलाय, दादा," भाऊजी म्हणाले.

"म्हणूनच तर. त्याला शिक्षा होणार नाहीये. तुला होणार आहे."

"त्याची बायको येते कोर्टात. दर वेळी. मागच्या बाकावर बसते."

 सासरे मघापासून फुटलेल्या पेल्याच्या काचा वेचत खाली बसले होते. खालूनच म्हणाले, "तू गुन्हा केला नाहीस. नाही म्हणायचं उद्या. मी सांगतोय. ऐकतोयस ना?"

"हो बाबा."

"नक्की?"

"हो, हो. नाकबूल."

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. आत्या चहाचं म्हणाल्या, नवरा दुरुस्तीवाल्याचा पत्ता विचारायला लागला. फक्त मला ते 'हो' ऐकू आलं. तेही घाईचंच होतं. मला तेव्हा बोलायला हवं होतं. पण इतक्या दिवसांनी टेबलाशी कुणीतरी हसत होतं, आणि मुंगीला भूक लागली होती.

*

कोर्टाच्या खोलीत भिंतीवरचं घड्याळ बंद होतं आणि पंख्याला धूळ. समोर उंच टेबल, बाजूला लाकडी कठडा. मुंगीला शेजारणीकडे ठेवून मी गेले होते. सासरे आणि आत्या एका बाकावर, मी त्यांच्या मागे. माझ्या उजव्या हाताला एक बाई बसली होती, अंगावरून शाल लपेटून. पुढे काहीतरी पुटपुटणं झालं की ती मान वाकडी करून ऐकायची, पण तिला समजत नव्हतं. एकदा तिने मलाच विचारलं, "आज सांगतील का हो, कसं झालं ते?"

"कुणाचं?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला कळलं.

"आमच्या यांचं. कुणी काही सांगतच नाही. नुसती तारीख देतात."

आरोप वाचून झाला. न्यायाधीश तरुण होते, सौम्य आवाजाचे. त्यांनी कागदावरून मान वर केली आणि शांतपणे विचारलं, "तुम्हाला गुन्हा कबूल आहे?"

भाऊजींनी वळून बघितलं. मला वाटलं ते बापाकडे बघताहेत. सासऱ्यांनी मानेने 'नाही' अशी खूण केली, स्पष्ट, दोनदा. पण भाऊजींची नजर त्यांच्या पलीकडे होती, माझ्या उजवीकडे.

"हो," ते म्हणाले. "मीच."

नवरा ताडकन उठला. आरोपीशी बोलायला वेळ मागितला, न्यायाधीशांनी दिलाही. कोपऱ्यात दोघं भाऊ बोलत होते. म्हणजे एक बोलत होता. न्यायाधीशांनी परत विचारलं, परिणाम समजावून सांगितले, कुणाचा दबाव आहे का विचारलं. सगळं पुस्तकात आहे तसं, आत्या आयुष्यभर करत आल्या तसं. भाऊजी प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर देत होते. त्यांची मान खाली होती, कपाळ किंचित पुढे. सासऱ्यांनी चेहरा हातात झाकून घेतला.

शेजारच्या बाईने शालीने डोळे पुसले. "म्हणजे यांची काही चूक नव्हती," ती म्हणाली.



*

शिक्षा आत्या म्हणाल्या होत्या तशी हलकीच झाली. हलकी म्हणजे काय, ते मुलाखतीच्या खोलीत जाळीपलीकडे उभ्या असलेल्या माणसाकडे बघून ठरवायचं. तुरुंग तोच, जिथे त्यांचे आजोबा पट्टा घेऊन फिरायचे. आता पट्टा नाही. ग्रंथालय आहे, सुतारकाम शिकवतात. नवऱ्याने अपील केलंय. दुरुस्तीवाला साक्ष द्यायला तयार आहे. हीटर अजून त्याच्याच दुकानात पडलाय, न्यायला कुणी आलंच नाही म्हणाला.

"का असं केलंत?" मी पहिल्या भेटीत विचारलं.

"तिला कुणीतरी सांगायला हवं होतं ना, वहिनी, कसं झालं ते," भाऊजी म्हणाले. मग थोड्या वेळाने, "किंवा मला नुसतं संपवायचं असेल. मला खरंच कळत नाही. जजसाहेबांनी विचारलं, आणि तोंडातून गेलं." आणि मग हसून, "मुंगी कशी आहे? भिंतीपाशी जाते का अजून?"

जाते. भिंत खरवडून काढली, सासऱ्यांनीच, स्वतःच्या हाताने, धूळ डोळ्यांत जाईपर्यंत. तरी काही सांडलं की ती तिथे जाऊन उभी राहते. मग सासरे तिच्या शेजारी जाऊन जमिनीवर बसतात, गुडघ्यांना हात लावत लावत. 'कुणी केलं' हे शब्द त्यांनी सोडलेत. "काय झालं ते सांग बरं मला," म्हणतात. ती सुरुवातीला गोंधळते. सांगायला वेळ लागतो तिला. ते बसून राहतात.

हे प्रकरण मी इथेच थांबवते, कारण मला तुमच्याशी बोलायचं आहे. तुमच्याही घरात असं एखादं माणूस असेल. पोर असेल, धाकटा भाऊ असेल, सून असेल, म्हातारी आई असेल. विचारायच्या आत "हो, माझंच चुकलं" म्हणणारं, ज्याच्याबद्दल तुम्ही चारचौघांत सांगता की किती गुणी आहे, कधी वाद घालत नाही. हे पुस्तक खाली ठेवा आणि त्याच्याकडे जाऊन या. काही विचारू नका लगेच. शेजारी बसा. काय झालं होतं ते त्याला त्याच्या वेळाने सांगू द्या, आणि मध्येच त्याने "हो, मीच" म्हटलं, तर तेवढ्यावर उठून येऊ नका.